न्हाणीच्या पाण्यावरचा वाफा

बालाघाटाच्या उतारावर खैरदरी नावाचे गाव आहे. एका वर्षी ओंजळनाथ महाराज तेथल्या मारुतीच्या देवळात येऊन राहिले. ओंजळीत मावेल तेवढीच भिक्षा घेत, म्हणून त्यांना हे नाव पडले. त्या वर्षी मात्र ती ओंजळही भरेना.

गावाने सगळे रान कापसाखाली घातले होते. बांधावरची चवळी, अंबाडी उपटून तिथेही सरकी टोचली होती. घरोघर विकतची ज्वारी, मीठ आणि मिरची. तांदुळजा उगवला तर तण म्हणून गुरांपुढे जाई. शेवग्याच्या शेंगा बाजारात जात आणि पाला उकिरड्यावर.

मग दिवेलागणीला पोरे भिंत चाचपत चालू लागली. गाव म्हणाले, देवीचा कोप! बकरी कापली गेली, नवस झाले. डोळे काही निवळले नाहीत.

भागीरथा नावाच्या म्हातारीची थोरली नात मंजी अशीच गेली. आधी डोळ्यांवर पांढरे आले, मग अंगात ताप भरला. आता धाकटी ठकूही तिन्हीसांजेला विचारू लागली, "आज्जे, दिवा का नाही लावलास?"

दिवा समोरच जळत होता.

भागीरथेने नातीला उचलून देऊळ गाठले. "बाबा, अंगारा द्या. हिला तरी राहू द्या!"

महाराजांनी झोळीतून चिमूटभर बारीक काळे बी काढून तिच्या पदरात घातले. महाराज म्हणाले, "माय, हाच अंगारा. हा कपाळाला लावायचा नाही, पोटात घालायचा. न्हाणीचं पाणी जिथं बाहेर पडतं तिथं पेर. तांदुळजा येईल. तोवर शेवग्याचा पाला शिजव, वर तेलाचा थेंब सोड, आणि लेकराला भरव."

भागीरथेने तसे केले. अंग धुतलेले पाणी वळवून तिने वाफा भिजवला. कोंब वर आले, आणि गावात कुजबुज सुरू झाली, कारण न्हाणीचे पाणी म्हणजे विटाळ. त्यावरची भाजी कुणी तोंडात घालत नसे.

पारावर संभाराव पाटलांनी तिला सगळ्यांदेखत हटकले. "काय गं भागे, तुझा बुवा आता गावाला आंघोळीचं पाणी पाजणार म्हण की!"

लोक हसले. भागीरथा मान खाली घालून म्हणाली, "पाटील, लेकरू आंधळं होण्यापरीस विटाळ बरा."

"तुझ्या असल्या चाळ्यांनीच देवी खवळली!" पाटील गरजले. त्यांनी आपले बैल तिच्या परसात घालायला लावले. खुरांखाली वाफा चिखल झाला. परसातल्या शेवग्याची फांदीन् फांदी तोडली. भागीरथा चिखलात बसून राहिली. ठकू चाचपडत आली आणि तिने आजीचे ओले तोंड आपल्या हातांनी पुसले.

महाराज आले. त्यांनी न्हाणीत तांब्याभर पाणी अंगावर घेतले. ते पाणी वाहत तुडवलेल्या वाफ्यात शिरले.

"माय, पानं तुडवली. मूळ तुडवता आलेलं नाही," महाराज म्हणाले.

आणि काय सांगावे! सकाळी भागीरथा परसात आली तर चिखल दिसेना, इतका तांदुळजा उभा! शेवग्याचे खुंट पाल्याने भरले होते. खुडावे तेवढे मागून फुटत होते. रोज शिजवून ती ठकूला भरवी. दाराशी येईल त्या आईच्या ओच्यात मूठभर घाली, आणि पिकलेले बीसुद्धा देई.

काही काळ गेला. एका तिन्हीसांजेला ठकू म्हणाली, "आज्जे, वात काजळलीय गं."

भागीरथेच्या हातातली परात खाली पडली. लेकराला वात दिसली होती!

त्याच सुमारास पाटलांचा नातू जयसिंग ओट्यावरून खाली कोसळला. त्याला पायरी दिसली नव्हती. त्याच्या उजव्या डोळ्यावर पांढरे आले होते. त्याला खांद्यावर घेऊन पाटील भागीरथेच्या परसात शिरले. महाराज तेथे आळे करत होते. पाटील त्यांच्या पायांकडे वाकले, तसे महाराजांनी पाय मागे घेतले.

"माझ्यापुढं नको, पाटील. जे तुडवलंत त्याच्यापुढं."

पाटलांनी न्हाणीच्या चिखलात कपाळ टेकले. "महाराज, याचे डोळे..."

"डावा राहील. उजवा गेला तो गेला." महाराज म्हणाले, "बैल घातलेत त्या दिवशी हा पाला याच्या पोटात जायचा होता."

पाटील लहान मुलासारखे रडू लागले. पाला खुडत बसलेली भागीरथा उठली. खुडलेल्या पाल्याची पहिली मूठ ती रोज मंजीच्या नावाने बाजूला ठेवी. आज मात्र तीच उचलून तिने पाटलांच्या उपरण्यात घातली.

"तेलाचा थेंब विसरू नका," ती म्हणाली.

पाटील तिच्यापुढेही वाकले. कपाळावरचा चिखल न पुसताच ते नातवाला घेऊन पारावरून घरी गेले. त्या दिवशी पारावर कुणी हसले नाही.