गोजराईच्या सात ओव्या

थांबा गं पोरींनो, खुंट्याला आत्ताच हात लावू नका. हळदीचं जातं मांडलं की लगेच गळा काढायचा, असं आपल्या उंबरखळीत नसतं. आधी गोजराईचं ऐकायचं. आणि ए, खुदूखुदू हसणं बंद करा, ही हसायची गोष्ट नव्हे.

गिरणी कशाला म्हणतात हे कुणाच्या गावीही नव्हतं, तेव्हाची गोष्ट. गावावर देशमुखाचा अंमल. त्यानं नदीवर बंधारा घालायला काढला आणि घरटी एक माणूस वेठीला धरला. तेवढी माणसं पुरेनात, म्हणून घाटावरच्या वाड्यांतूनही धरून आणली. त्या सगळ्यांच्या भाकरीचं पीठ गोजरा दळायची. तिचा नवरा भिवा तिथंच दगड वाहायचा. दुपारी भाकऱ्यांची पाटी घेऊन ती बंधाऱ्यावर जायची आणि वाढता वाढता एकेकाला नाव विचारायची, गाव विचारायची. त्या परक्या माणसांची नावं साऱ्या गावात तिला एकटीलाच ठाऊक होती, असं म्हणतात.

एका दुपारी बंधाऱ्याची भिंत ढासळली. सात माणसं खाली गेली. त्यात भिवा होता, आपल्याच गावची कुंभाराची राधी होती आणि पाच जण घाटावरचे होते. गोजरानं पाटी फेकली आणि हातांनी दगड उपसायला लागली. मुकादमानं तिला ओढून बाजूला केलं आणि त्यांच्यावरच पुढचा थर चढवला.

आता देशमुखाची लबाडी बघा. वेठीवर माणूस मेला तर त्या घराला वर्षभर वेठ माफ, असा जुना रिवाज होता. म्हणून त्यानं दवंडी पिटवली, की सातही जण पळून गेले. पळालेल्याच्या जागी घरातलं दुसरं माणूस द्यावं लागे. गोजराच्या घरात दुसरं होतं कोण? बारा वर्षांची वेणू. आठ दिवसांनी पोरीला पाठव, असा निरोप आला.

गोजरा कुणाच्या पाया पडली नाही. पहाटे उठली, जात्यावर बसली. पहिली ओवी देवाची, हे तुम्हालाही कळतं. तिनं देवाचा मान काढून नवऱ्याला दिला:

पहिल्या ओवीचा मान देते मी भिवा धन्याला,
पळून नाही गेला बाई, भिंतीखाली तो निजला.

शेजारणीनं भिंतीपलीकडून ऐकलं आणि उचललं. तिचं ऐकून पुढच्या घरानं उचललं. उजाडेपर्यंत साऱ्या गावात तीच ओवी. त्या दिवशी वेठीला निम्मी माणसं गेलीच नाहीत. दुसऱ्या पहाटे पहिली ओवी राधीची झाली आणि बंधाऱ्यावर चिटपाखरू फिरकलं नाही. पहिली ओवी पहाटेला एकच, म्हणून नावही एकच. सात पहाटांत सात नावं गावाच्या तोंडी बसली, की मेलेल्यांना पळालेले म्हणायची कुणाची छाती होणार नाही आणि वेणू सुटेल, एवढीच तिची आशा होती.

तिसऱ्या पहाटेच्या आधी दवंडी फिरली, की ज्या घरातून ओवी ऐकू येईल त्या घरचं जातं फोडलं जाईल. जातं गेलं तर लेकरांना घालायचं काय? बायांनी ठरवलं, सध्या मनातल्या मनात म्हणू, हे सगळं निवळलं की मोठ्यानं गाऊ. वाईट नव्हत्या गं त्या, आपल्यासारख्याच होत्या. आपण ऐकलं असंही कुणी म्हणू नये, म्हणून त्यांनी जाती जोरजोरात फिरवली. त्या घरघरीत गोजराचं तिसरं नाव बुडून गेलं.

शिपायांनी तिचं जातं फोडलं. तरी ती फुटका दगड मांडीवर घेऊन रोज पहाटे गायची, आणि रोज गाव जोरात दळायचं. त्या दिवसांत घरोघरच्या पिठात नदीची वाळू निघायची, चाळून चाळून जाईना, असं म्हणतात. सातवी पहाटही तशीच गेली. वेणूला न्यायला आले, तेव्हा गोजरा दारोदार फिरली.

"गाऊ नका बायांनो," ती म्हणाली, "नुसती नावं तेवढी ऐकून ठेवा."

एकही दार उघडलं नाही. वेणूला नेलं. गोजरा तो दगड घेऊन बंधाऱ्यावर जाऊन बसली आणि गात राहिली. बंधारा पुरा झाला, पाणी चढत आलं, ती उठली नाही. भिंतीला कान लावला तर अजून आत घरघर ऐकू येते म्हणतात, शब्द मात्र लागत नाहीत. वेणू पुढं म्हातारी होऊन गेली, पण जात्यावर तिनं कधी तोंड उघडलं नाही. आणि तुमचं हे हिरवंगार शिवार त्याच बंधाऱ्याच्या पाण्यावर आहे, ते विसरू नका.

म्हणून आपल्याकडे हळदीला देवाच्या आधी सात फेरे गोजराईचे. घाटावरची सोयरीक आली, की आपण आधी विचारतो, बंधाऱ्यावर गेलेलं आणि परत न आलेलं कुणी तुमच्यात होतं का. आजवर कुणाला सांगता आलेलं नाही.

धरा आता खुंटा. पहिला फेरा भिवाचा, दुसरा राधीचा, ते दोन मोठ्यानं गा. पुढचे पाच मुक्यानंच फिरवायचे. ती नावं आपल्याला ठाऊक नाहीत.