यादीत नसलेलं नाव

“परवाना न्हाई म्हंता, मग आत्ता काय करताय?” अप्पामहाराजांनी विचारलं.

“हेच काम करते, महाराज. फक्त बिनपरवाना.”

“मग अडलंय कुठं?”

वृंदाताई हेर्लेकर सरसावून बसल्या. मोठ्या इस्पितळात आहारतज्ज्ञ, जिल्ह्यातल्या आहारतज्ज्ञांच्या संघटनेच्या अध्यक्ष, आणि बोलायला फर्ड्या. कृष्णाकाठच्या आमच्या मठात त्या अधूनमधून यायच्या. त्या दिवशी आल्या आल्याच त्यांनी महाराजांच्या वाटीतला गूळ बंद केला होता. महाराजांनीही तो निमूटपणे बाजूला सारला होता. मी तिथंच शेजारी बसलो होतो.

“सगळंच अडलंय,” त्या म्हणाल्या. “कायद्यात आमची नोंद नाही. त्यामुळे कुणीही उठतो आणि आहारतज्ज्ञ होतो. काल पावडरीचे डबे विकणारा आज पाटी लावून बसतो. लोकांच्या जिवाशी खेळतो, त्याला कुणी विचारत नाही. आणि शिकून आलेल्या आम्ही मात्र शून्य. चोर सोडून संन्याशाला फाशी!”

समोर संन्यासीच बसलाय हे ध्यानात येऊन त्यांनी जीभ चावली. महाराज मनापासून हसले.

“बरं. माझ्याकडं काय काम काढलं?”

“मंत्रीसाहेब दर गुरुवारी दर्शनाला येतात. तुमचा शब्द ते खाली पडू देत नाहीत. आमच्यासाठी एक शब्द टाका.”

“टाकतो की. पन काय मागायचं ते नीट कळू द्या. परवाना आला म्हंजे काय हुतंय?”

“मान मिळतो. सहीला किंमत येते.” ताईंचा आवाज चढला. “आज आहार मी लिहिते आणि खाली सही डॉक्टरांची. अहो, गेल्या महिन्यातलीच गोष्ट. आमच्याकडे एक पेशंट गेले. बिरनाळे म्हणून, सायकलीचं दुकान होतं त्यांचं. चौकशी बसली. डॉक्टरांना बोलावलं, नर्सला बोलावलं, वॉर्डबॉयलासुद्धा बोलावलं. आणि मला? यादीत नावच नाही! म्हणजे आम्ही कुणी नाहीच.”

“त्यात तुमचं काय काम हुतं?”

“त्यांचा आहार मीच लिहिला होता.”

“काय लिवलं हुतं?”

“नेहमीचंच... ताक, भाकरी, फळं.” मग जरा थांबून म्हणाल्या, “रोज सकाळी एक शहाळं.”

“शहाळं वाईट असतंय?”

“सगळ्यांना नाही.”

“त्यास्नी?”

खाली घाटावर कुणीतरी धुणं आपटत होतं.

“त्यांची मूत्रपिंडं थकली होती,” ताई म्हणाल्या. “अशा माणसाच्या अंगात शहाळ्यातला क्षार साठत जातो. हृदय बंद पडू शकतं. तपासणीचा कागद फायलीत होता. मी पान उलटलं नाही.”

“का?”

“घाई होती. संघटनेची बैठक होती... परवान्यासाठीची.”

मघाचा फर्डेपणा कुठल्या कुठे गेला होता. मला वाटलं, उठून बाहेर जावं. दुसऱ्याची लाज बघत बसणं हेही लाजिरवाणंच असतं. पण उठलो असतो तर ते त्यांना कळलं असतं, म्हणून बसून राहिलो.

“चौकशीत अडकलं कोन?”

“डॉक्टर मुजावर. नवीनच लागलेत. कागदावर सही त्यांची ना... घरी बसवलंय त्यांना. निकाल व्हायचाय अजून. परवा मंडईत समोरून आले. मी तोंड चुकवून दुसऱ्या गल्लीत शिरले.”

“यादीत आपलं नाव न्हाई हे कळल्यावर काय वाटलं, ताई?”

“अपमान वाटला.”

महाराज नुसते बघत राहिले. त्या बघण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच ते सोसवेना.

“तो नंतर वाटला,” ताई म्हणाल्या. “आधी... जीव भांड्यात पडला.”

“मग?”

“मग इथेच आले होते. समाधीपुढे नारळ फोडायला.”

मला तो दिवस आठवला. बाई किती हसतमुख होत्या! मीच नारळ फोडून दिला होता. काम फत्ते झालं वाटतं, असं वर विचारलंही होतं.

“त्याचं खोबरं म्या बी खाल्लं की,” महाराज म्हणाले.

वृंदाताईंनी पदरात तोंड लपवलं.

महाराजांनी विचारलं, “परवाना असला, आनि मानूस चुकला, तर त्याला जाब इचारत्यात. व्हय ना?”

“...हो.”

“म्हंजे मी सायबाला असं सांगायचं, की ह्या बायास्नी जाब इचारत चला?”

ताईंना हो म्हणायला तोंड नव्हतं. नाही म्हणावं, तर इतकी वर्षं मागत होत्या ते काय?

“सांगू?”

“सांगा,” त्या म्हणाल्या, पण ऐकू येईल न येईल इतक्या हळू.

“सांगतो. पन गुरुवार लांब हाय. चौकशी परत कवा बसतीय?”

“उद्या.”

महाराज उठले. गुडघ्यावर हात टेकत दारापर्यंत गेले, वाकले, आणि वृंदाताईंच्या चपला उचलून त्यांनी त्या रस्त्याकडे तोंड करून ठेवल्या.

“अहो महाराज! हे काय करताय?” ताई धावतच आल्या. त्यांचा चेहरा शरमेने लाल झाला होता. “जाते मी. पण... तिथे मला कुणी बोलावलेलं नाही. कायद्यात मला जागा नाही. मी तिथे कोण म्हणून जाऊ?”

महाराज म्हणाले,

“शहाळं जिनं लिवलं, ती म्हणून जावा.”