खुंटीवरची पुरचुंडी

“तीन दिवस तांदूळ भिजवले. रोज पाणी बदललं. सावलीत सुकवले. मग चुकलं कुठं, आक्का?”

गोदाआक्का चुलीसमोर बसून करंज्यांच्या कडा मुरडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“पाणी किती वेळा बदललंस?”

“सांगितलं ना, रोज. सकाळी सातला.”

“सातलाच?”

“ठरलेल्या वेळी,” कुमुदिनीबाई म्हणाल्या आणि पिशवीतून निळ्या पुठ्ठ्याची वही काढली. “इथं लिहून ठेवलंय.”

कृष्णाकाठच्या त्या लहानशा मठात दिवाळीचा फराळ सगळ्या गावाचा मिळून होई. मठाचं स्वयंपाकघर गोदाआक्का सांभाळत. वय अठ्ठ्याहत्तर, दात चार, आणि हात असा की त्यांच्या अनारशाची जाळी बघायला साताऱ्याहून बायका येत. येताना विचारायला म्हणून येत. जाताना खाऊन जात आणि विचारायचं राहून जाई.

कुमुदिनीबाई त्यातल्या नव्हत्या. त्या विचारूनच जाणार होत्या. बावीस वर्षं त्यांनी शाळेत गृहविज्ञान शिकवलं होतं. तालुक्याच्या फराळ स्पर्धेत त्या परीक्षक असत. चकलीला काटे कमी म्हणून त्यांनी एकदा स्वतःच्या सख्ख्या नणंदेला उत्तेजनार्थ बक्षिसावर बसवलं होतं.

आणि आज धनत्रयोदशीच्या दुपारी, अनारशाच्या पिठाचा डबा मांडीवर घेऊन, त्या एका न शिकलेल्या म्हातारीसमोर पाटावर बसल्या होत्या.

कारण तसंच होतं. परवा लेकीचा दिवाळसण. रेवती, जावई आणि विहीणबाई येणार होत्या. लग्न ठरवायच्या बैठकीत कुमुदिनीबाई सगळ्यांदेखत बोलून गेल्या होत्या, “आमच्या घरात अनारसा कधी हसत नाही.”

अनारसा हसतो, म्हणजे तुपात पडल्या पडल्या त्याचं भगदाड होतं, चुरा तरंगायला लागतो आणि करणारीचं तोंड उतरतं. ते वाक्य विहीणबाईंनी नीट लक्षात ठेवलं होतं. चार दिवसांपूर्वीच फोनवर म्हणाल्या, “बाकी काही नको हो. तुमचे ते अनारसे तेवढे खायचेत.”

काल रात्रीपासून कुमुदिनीबाईंनी अकरा अनारसे टाकले होते. अकराच्या अकरा हसले होते.

“आक्का, मला फक्त एवढंच सांगा,” त्या आता हळू आवाजात म्हणाल्या. “तुम्ही शेवटी त्यात काय घालता?”

“कशात?”

“पिठात. सगळे म्हणतात, तुम्ही त्या पुरचुंडीतलं काहीतरी घालता.”

चुलीच्या वरच्या अंगाला, धुरानं काळ्या पडलेल्या खुंटीवर एक पांढरी पुरचुंडी लटकत होती. आल्यापासून कुमुदिनीबाईंचे डोळे तिच्यावरच होते.

पलीकडे चिवड्याचे पोहे भाजणारी हौसाबाई फिसकन हसली.

“मास्तरीणबाई, ती पुरचुंडी मी तीस वरसं बघतीया. मला बी नाही दावली.”

“तू विचारलंस कधी?” आक्का म्हणाल्या.

“नाही बा.”

“मग?”

हौसाबाईनं पोह्यांत उलथनं फिरवलं. कुमुदिनीबाईंना आशा वाटली. त्यांनी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं.

आक्कांनी त्या पेनाकडे पाहिलं. मग डब्याकडे.

“एक टाक बघू.”

“इथं? सगळ्यांसमोर?”

“तूप तापलेलंच आहे.”

कुमुदिनीबाईंनी डब्यातून सुपारीएवढी गोळी काढली. केळीच्या पानावर खसखस पसरली, तिच्यावर गोळी ठेवली, बोटांनी थापली. एकसारखी, गोल. जणू कंपासनं काढलेली. हौसाबाईसुद्धा पोहे सोडून बघायला आली.

खसखशीची बाजू वर ठेवून त्यांनी अनारसा तुपात सोडला.

एक क्षण तो तसाच राहिला.

मग कडेनं फुटला. मग मधून. मग कढईभर नुसता चुरा नाचायला लागला.

कुमुदिनीबाईंचा हात विजेसारखा गेला आणि शेजारची परात त्यांनी कढईवर पालथी घातली.

परातीखाली तूप चरचरत राहिलं...

“कुणापासून झाकलंस?” आक्कांनी विचारलं.

कुमुदिनीबाई परातीकडे बघत राहिल्या.

“सवय आहे,” त्या अखेर म्हणाल्या. “अनारसे करताना मी स्वयंपाकघराचं दार लावून घेते.”

“लेकीलाही घेत नाहीस आत?”

“नाही.”

“आणि हसलेले?”

“मागच्या गोठ्यात... शेजाऱ्यांच्या गाईला.”

“किती वर्षं?”

कुमुदिनीबाईंनी मनात हिशेब केला. खरं बोलायला त्यांना जड गेलं, पण आता परात सगळ्यांसमोर झाकून झाली होती.

“लग्न झाल्यापासून.”

“आगं बया!” हौसाबाई म्हणाली. “म्हंजी त्या गाईची दिवाळी लई जोरात!”

आक्कांच्या चारही दातांचं दर्शन झालं. त्यांनी परात उचलली, झाऱ्यानं सगळा चुरा गोळा केला, तूप निथळू दिलं आणि ताटलीत काढला. मग चिमूटभर तोंडात टाकला. डोळे मिटले.

“खा.”

“हे?”

“खा म्हणते ना.”

कुमुदिनीबाईंनी खाल्लं. कुरकुरीत होतं. गुळाचा खमंग वास, खसखशीचा दाणा दाताखाली, तुपाची चव. तीस वर्षांत त्यांनी आपल्या हसलेल्या अनारशाचा एकही कण तोंडात टाकला नव्हता. लपवायची घाई असे.

“चांगलं लागतंय,” त्या नवलानं म्हणाल्या.

“गाय काय उगाच येडी हुती?” असं म्हणत हौसाबाईनं मूठभर उचललं. अंगणात रांगोळी काढणाऱ्या दोघी-तिघीही वासानं आत आल्या. ताटली बघता बघता रिकामी झाली. एकीनं सांगितलं, तिच्या पहिल्या दिवाळीत तिनं सगळा चुरा दुधात घालून सासऱ्यांना खीर म्हणून वाढला होता, आणि ते पुढं दर दिवाळीला तीच खीर मागत राहिले. हौसाबाई म्हणाली, तिचा अनारसा एकदा इतका कडक झाला होता की दाराला अडसर म्हणून चालला असता.

कुमुदिनीबाईंना हसू आलं. आधी ओठांत, मग पोटातून. स्पर्धेच्या व्यासपीठावर त्यांना असं हसताना कुणी पाहिलं नव्हतं.

आक्कांनी डब्यातलं पीठ चिमटीत धरलं. दाबलं. सोडलं.

“गूळ किती?”

“किलोला पाऊण किलो. ग्रॅमवर मोजून. दरवर्षी तेवढाच.”

“यंदाचा गूळ ओला आहे.”

“पण माप तेच आहे, आक्का.”

“माप तेच आहे गं. गूळ तो नाही.”

कुमुदिनीबाईंनी वहीत बघितलं. गुळाच्या पुढं ओला की कोरडा, असा रकानाच नव्हता.

“पिठी मागं किती ठेवलीस?”

“कसली पिठी?”

“तांदळाची. गूळ मिसळण्याआधी.”

“मागं कशाला ठेवायची? माप बरोबर होतं ना.”

मुरडायची राहिलेली एक करंजी आक्कांनी उचलली, तिची कड मुरडून पुरी केली, ताटात ठेवली. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या. खुंटीपर्यंत गेल्या. पुरचुंडी काढली.

पोह्यांवरचं उलथनं थांबलं.

आक्कांनी गाठ सोडली. कुमुदिनीबाई पुढं वाकल्या. हौसाबाई त्यांच्या खांद्यावरून वाकली. आत पांढरं, मऊ काहीतरी होतं. वाटीभर.

कुमुदिनीबाईंनी बोट लावलं. जिभेवर ठेवलं.

“ही तर... तांदळाची पिठी.”

“दुसरं काय असणार?”

“नुसती?”

“नुसती.”

“तीस वरसं!” हौसाबाई कपाळावर हात मारून म्हणाली. “आन् मी समजत हुते, काशीचं भस्म हाय!”

आक्कांनी सगळी पिठी कुमुदिनीबाईंच्या डब्यात ओतली. फडकं झटकलं. शेवटचा कणही पिठात पडला.

“मळ.”

कुमुदिनीबाईंनी मळलं. बराच वेळ मळलं. मळताना पहिल्यांदाच त्यांनी वहीकडे न बघता बोटांकडे बघितलं. पीठ आधी हाताला चिकटत होतं. मग कमी चिकटलं. मग सुटलं.

“आता ठेव. तासभर.”

तो तासभर त्यांनी आक्कांच्या शेजारी बसून करंज्या मुरडल्या. त्यांची मुरड एकसारखी पडत होती आणि आक्कांची वाकडीतिकडी. पण आक्कांची एकही करंजी तुपात उघडत नव्हती. कुमुदिनीबाईंनी ते पाहिलं, आणि त्याबद्दल काही विचारलं नाही.

मध्येच मोबाइल वाजला. विहीणबाई. कुमुदिनीबाईंनी सवयीनं दाराकडे पाहिलं, बाहेर जाऊन बोलावं म्हणून. मग उठल्याच नाहीत.

“हॅलो... हो, हो, परवा या ना... अनारसे?”

त्यांनी रिकाम्या ताटलीकडे पाहिलं. हौसाबाई पोहे भाजायचं नाटक करत कान देऊन उभी होती.

“अनारसे हसले हो आमचे,” कुमुदिनीबाई म्हणाल्या. “अकरा काल. एक आत्ता, इथं सगळ्यांसमोर. मी बैठकीत बोलले ना, कधी हसत नाहीत म्हणून... ते काही खरं नव्हतं.”

कुमुदिनीबाईंनी डोळे मिटले.

मग फोनमधून असं खळखळून हसणं आलं की ते चुलीपर्यंत ऐकू गेलं.

“अगबाई! अहो, माझे तर दर वर्षी हसतात! बैठकीत तुम्ही तसं म्हणालात आणि माझी छातीच दडपली. म्हटलं, सून आता मला काय काय बोलेल! म्हणून तर मागे लागले होते, की डोळ्यांनी बघावं, कसे करतात. ते जाऊ द्या. मी उद्याच येऊ का? दोघी मिळून बिघडवू!”

“या,” कुमुदिनीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज ओला झाला होता. “या, उद्याच या. आणि रेवतीला पण घेऊन या. तिनंही कधी बघितले नाहीत.”

फोन ठेवल्यावर त्यांनी पदरानं डोळे पुसले. कारण विचारायच्या आत हौसाबाईला म्हणाल्या, “धूर आहे.”

“व्हय, लई हाय,” हौसाबाई म्हणाली. चुलीत तेव्हा नुसते निखारे होते.

तासाभरानं डबा उघडला. कुमुदिनीबाईंनी अनारसा थापला. या वेळी तो गोल झाला नाही; एका बाजूला जरा लांबट राहिला. तूप मंद होतं. त्यांनी तो सोडला आणि हात मागं घेतला.

अनारसा तळाशी गेला. वर आला. कडेला बारीक बुडबुडे धरले. पसरला, पण फुटला नाही. झाऱ्यानं वरून तूप उडवलं, तशी खसखशीमधून जाळी उमलत गेली. एक भोक, दुसरं, मग मोजताच येईनात.

“आली!” रांगोळीच्या हातांनी टाळी वाजवत कुणीतरी ओरडलं.

कुमुदिनीबाईंनी त्या दुपारी एकवीस अनारसे तळले. तीन हसले. ते तिन्ही तिथल्या तिथं संपले. त्यातल्या शेवटच्या तुकड्यावरून हौसाबाईचं आणि एका रांगोळीवालीचं भांडणही झालं.

निघायची वेळ झाली. साताऱ्याची एसटी पाचला होती. कुमुदिनीबाईंनी डबा बांधला आणि वही काढली. आजची तारीख घातली. पिठी, गूळ, तूप. मग थोडं थांबून त्यांनी लिहिलं: हसले तीन. आणि वरती जागा करून: काल अकरा, आज एक.

बावीस दिवाळ्यांच्या त्या वहीत ‘हसले’ हा शब्द पहिल्यांदाच आला होता.

त्या आक्कांच्या पाया पडायला वाकल्या. वाकता वाकता त्यांची नजर कोपऱ्यात गेली. तिथं मोठं पितळी पातेलं होतं, वर ओलं फडकं घातलेलं.

“हे काय, आक्का?”

“मठाचं पीठ. उद्याच्या नैवेद्याचं. सगळ्या गावाचे अनारसे.”

“याचा एक टाकून बघितलात?”

“अजून नाही.”

कुमुदिनीबाई उभ्याच राहिल्या. त्यांनी खुंटीकडे पाहिलं. खुंटी रिकामी होती.

“आणि गूळ? तुमचा कुठला?”

“त्याच बाजारातला. यंदाचाच.”

“अहो आक्का! मग ती पिठी... ती तर तुम्ही सगळी माझ्यात...”

आक्कांनी रिकामं फडकं उचललं. चार घड्या घातल्या. कुमुदिनीबाईंची पिशवी उघडून वहीवर ठेवलं, आणि पिशवी त्यांच्या हातात दिली.

“आता तुमचे हसले तर?”

गोदाआक्का पाटावर बसल्या. पुढची करंजी हातात घेतली. कड मुरडायला लागल्या.

“तर येईन तुझ्या दारी.”