तीनशे पायऱ्यांवरचा काढा

"जो आपल्या पायांनी कातळगड चढेल, त्यालाच तापाचा काढा! कुणाला कुणी उचलून आणलं, तर दोघांनाही काढा नाही! आणि काढा गडाखाली उतरणार नाही होऽऽ!"

आज आठव्या दिवशीही तीच दवंडी ऐकून गोजराच्या हातातली बांबूची कामटी थांबली. गडाच्या पायथ्याशी बुरुडांची वाडी, तिथे ती टोपल्या विणायची. मुलुखभर तापाची साथ होती. रोज दुपारच्या आत काढा पोटात गेला, तर माणूस वाचत होतं. वाडीतली दोन माणसं आधीच गेली होती. आंधळे, पांगळे, वाकलेले मिळून बावीस जण अजून काढ्याविना होते. त्यांत डोळ्यांनी आणि गुडघ्यांनी अधू झालेली तिची आई. गोजराचा स्वतःचा एक पाय लहानपणापासून वाळलेला.

ती निघाली. हातांवर रेटा देत, बसत-सरकत, तीनशे पायऱ्या चढून दरबारात पोचली. तळहातांची सालटी निघाली होती.

दिवाण त्र्यंबकपंतांनी तिच्याकडे नाक मुरडून पाहिलं. "हुकूम पायांनी चढण्याचा आहे. ही तर हातांनी आली! हिला काढा नाही!"

दरबार खदखदून हसला. हसायला काय जातंय! गडावरच जेवणारे आणि गडावरच घोरणारे लोक ते. पायऱ्या कधी मोजल्या होत्या त्यांनी?

"महाराज, माझ्या वाडीत असे बावीस जण काढ्याविना आहेत. हा न्याय झाला?" गोजराने विचारलं.

"न्यायच!" मानाजीराजे गादीवरून गरजले. "नियम सगळ्यांना सारखा. पैलवानाला तीनशे पायऱ्या, तुलाही तीनशेच. तुझ्यासाठी एक तरी वाढवली का?"

"शिवाय सरकार," दिवाण म्हणाले, "चांगला काढा मोडक्या माणसांत ओतायचा कशाला?"

गोजराच्या अंगाची लाही लाही झाली. "एवढी अक्कल दिवाणजी कुठून आणतात? की तीही कुणीतरी उचलून आणून देतं?"

"तोंड फार चालतं तुझं!" राजे संतापले. "आमच्या घराण्यात दिलेला हुकूम कधी फिरवत नाहीत. त्यातला एक शब्द न मोडता तुझ्या बावीस जणांना काढा मिळवून दाखव. उद्या दुपारपर्यंत! नाही जमलं, तर पुन्हा या दारात तोंड दाखवायचं नाही!"

"दाखवते. पण बघायला महाराजांनी स्वतः पायथ्याशी यायचं. दिवाणजींच्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही. समोर चढून आलेलं माणूस त्यांना दिसत नाही!"

दुसऱ्या दिवशी राजांची स्वारी गड उतरली. पुढे निशाण, मागे डोली, डोलीत राजे, बाजूला पायी दिवाण. राजांचे गुडघे वाताने धरलेले, पायी कुठले उतरतात! पायथ्याच्या उंचवट्यावर चिंचेखाली बावीस जण बसले होते. म्हातारी आई गोजराचा पदर धरून होती.

"हं, चढवा की यांना!" राजे हसत म्हणाले.

"चढवते. पण दुपार होत आली, महाराजांचा आजचा काढा राहिलाय ना? आधी तुम्ही पिऊन या. आम्ही कुठे जातोय?"

राजांनी खूण केली. भोयांनी डोली खांद्यावर घेतली, पहिल्या पायरीवर पाय ठेवला, तोच गोजरा ओरडली, "हवालदार! कुणाला कुणी उचलून आणलं, तर?"

पायरीवरचा हवालदार आठ दिवस लोकांना हेच ऐकवून परत पाठवत होता. सवयीने तो खणखणीत आवाजात म्हणाला, "दोघांनाही काढा नाही!" आणि मग त्याने जीभ चावली.

भोयांनी डोली खाली ठेवली. त्यांच्याही घरी पोरंबाळं होती, काढा कोण घालवतो?

"अरे, मी राजा आहे!"

"असाल की," गोजरा म्हणाली. "नियम सगळ्यांना सारखा. पायऱ्या तीनशेच आहेत. एक तरी वाढवलीय का आम्ही?"

राजे इरेला पेटले. चढले. अकराव्या पायरीवर गुडघ्यांनी दगा दिला आणि राजे मटकन खाली बसले. कुणी हात द्यायला धजेना. दिवाण आभाळाकडे बघू लागले. ऊन डोक्यावर येत होतं. काढा खाली आणायचा नाही, राजाला वर न्यायचं नाही आणि हुकूम फिरवायचा नाही! आता राजांना खरंच भीती वाटली. बावीस जणांना ती आठ दिवस वाटत होती.

"गोजरा," राजे हळूच म्हणाले, "काही सुचतंय का गं?"

"सुचतंय की! महाराज मोहिमेवर असले, रानात डेरा पडला, तर पत्रावर मुक्कामाचं ठिकाण कुठलं लिहितात?"

"कातळगड. घराण्याची रीतच आहे. आमचं निशाण रोवलं, तो कातळगड."

"मग चिंचेखाली रोवा निशाण! हा झाला कातळगड. काढा गडावरच राहील. आणि हा चढ आम्ही सगळे आपापल्या पायांनी चढून आलोय. कुणी काठीवर पाय ओढत, कुणी चाचपडत, पण उचललं कुणाला नाही. हुकमातला एक शब्द तरी मोडला का?"

राजे आधी खुदकन हसले. मग असे हसले, असे हसले, की पागोटं सुटून मांडीवर आलं. "अगं बये! दिवाण, बघता काय? हंडे आणा या गडावर! पळा!"

दुपार व्हायच्या आत पहिली वाटी आईच्या ओठांना लागली. मग बाकीच्यांच्या, आणि मग एकेक पायरी सरकत उतरून, पाय ओढत चिंचेपाशी आलेल्या राजांच्या.

राजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून गोजराला दिलं. "साथ सरेपर्यंत निशाण इथेच राहील. आणि या गडाची किल्लेदार तू! इथे आमचा नाही, तुझा हुकूम चालेल. बोल, पहिला हुकूम काय?"

हवालदाराने गोजराला वाकून मुजरा केला. तिने कडं हातात सरकवलं, वाडीवर नजर फिरवली.

"ज्यांना अंथरुणातून उठवत नाही, त्यांच्या उशाशी काढा जाईल. आजूबाजूच्या सगळ्या वाड्यांत, रोज दुपारच्या आत!"

"मंजूर! आणि हंडा कोण नेणार?"

"दिवाणजी!"

राजे पुन्हा पोट धरून हसू लागले, आणि त्र्यंबकपंत हंड्याला हात घालायला वाकले.