उखळात कुटलेली माती

फार फार वर्षांपूर्वी कातळावरच्या एका गावात भामा नावाची बाई राहायची. पुढे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची, "माझ्याएवढी शहाणी गावात दुसरी नव्हती. म्हणून तर मी उखळात दगड कुटले."

झालं असं. तिच्या परसात, कातळाच्या एका खोलगट जागी, हातभर माती होती. तिच्यावर एक फणस होता आणि त्या फणसावर घराचा अर्धा पावसाळा निघायचा. आधी कोवळ्या फणसाची भाजी, मग गरे, मग आठळ्या.

भामाला झाडण्याचं भारी वेड. अंगण झालं की ती परसात जायची, फणसाखालचं पान न् पान गोळा करायची आणि पेटवून द्यायची. सासूबाई पडवीतून म्हणायच्या, राहू दे गं, झाडाचं झाडाला. भामाला वाटायचं, म्हाताऱ्या माणसांना पसाराच आवडतो.

होता होता मुळं उघडी पडली. फणस धरेना. एका वर्षी दोनच लागले, तेही मुठीएवढे असताना गळले. आता मात्र भामा घाबरली. झाड गेलं तर आषाढात पोरांच्या पानात वाढायचं काय?

माती कमी पडली ना, मग माती करू, असं तिने ठरवलं. माती म्हणजे दगडाचा भुगा, त्यात काय एवढं! आठ दिवस ती दगड कुटत बसली. मुसळ मोडलं. भुगा फणसाखाली पसरला, तर चार सरींत त्याची पापडी झाली आणि उतारावरून वाहून गेली.

भामा मुळावर बसून रडायला लागली. तेवढ्यात पायाशी एक गांडूळ वर आलं.

"मुसळ कुणाचं होतं?" त्याने विचारलं.

"सासूबाईंचं."

"अरेरे," गांडूळ म्हणालं. "दगडाचं तुझं चुकलं नाही. निम्मी माती दगडाचीच. ऊनपाऊस त्याला फोडतो, दगडफूल कुरतडतं, मुळं चिरा पाडतात. या हातभर मातीला किती पिढ्या लागल्या, ते माझ्या पणज्यालाही ठाऊक नव्हतं. उरलेल्या निम्म्यात पाणी आणि हवा. आणि भाजीत मीठ असतं तेवढी, चिमूटभर कुजलेली पानं. त्यांच्यावर आम्ही जगतो आणि माती भुसभुशीत ठेवतो. ती चिमूट तू रोज पेटवतेस, बाई."

भामाने हातातली केरसुणी हळूच पाठीमागे नेली.

त्या दिवसापासून फणसाची पानं पडतील तिथेच राहिली. उताराच्या बाजूला माती अडवायला तिने दगडांचा बुटका गडगा रचला. तिसऱ्या वर्षी फणस धरला, तो पार बुंध्यापासून. रीतीप्रमाणे पहिले गरे तिने गावाच्या राखणदार देवाला ठेवले. मग आणखी एक गरा झाडाखालच्या पाचोळ्यावर ठेवला आणि मातीला हात जोडले.

पडवीत येऊन ती सासूबाईंना म्हणाली, "आई, त्या गांडुळाने सांगितलं तेव्हा कुठे मला कळलं. पायाखालची माती कितीतरी जिवांनी मिळून आपल्यासाठी केलेली असते, म्हणून तिचं तिला परत द्यावं."

सासूबाईंनी गऱ्यातली आठळी काढून बाजूला ठेवली.

"सतरा वर्षं मी हेच सांगत होते," त्या म्हणाल्या. "पण मी पडले सासू. गांडूळ असते तर ऐकलं असतंस."