अर्ध्या कणगीचा गडी

खूप जुनी गोष्ट आहे. डोंगरांच्या मधून एक नदी वाहायची आणि तिच्या काठी पाच राज्यं नांदायची. उन्हाळ्यात नदीचं पाणी आधी कोणी वळवायचं, यावरून दरसाल माणसं मरत. अखेर जाणत्यांनी ठरवलं, लढाई नको, हुतूतू खेळा. जो संघ जिंकेल, त्याच्या राज्याला पाणी आधी.

श्रीमंत राजाने सगळे चांगले गडी पळवू नयेत म्हणून त्यांनी आणखी एक नियम घातला. प्रत्येक राजाने आपल्या संघाला वर्षाला एकच कणगी धान्य द्यायचं. त्याहून मूठभरही जास्त नाही. ते गड्यांत कसं वाटायचं, ते संघाच्या नाईकाने पाहावं.

खालच्या राज्यात सुभान नावाचा गडी होता. तो चढाईला निघाला की समोरचा संघ मागे सरे. एके वर्षी शेजारच्या राजाने त्याला बोलावणं धाडलं, आमच्याकडे आलास तर अर्धी कणगी तुझी. मग नाईकानेही अर्धी कणगी देऊ केली आणि सुभान राहिला. आपण गाव सोडलं नाही, याचाच त्याला अभिमान वाटला.

उरलेल्या अर्ध्यात बाकीच्यांचं भागेना. मैदानात उतरणारे कसेबसे टिकले. गेले ते राखीव गडी, कोणाचा पाय मुरगळला तर आत येणारे. कोणी नांगराला लागला, कोणी दुसऱ्या राज्यात गेला. शेवटी धोंडजी निघाला. तो वयाने वडील. रोज संध्याकाळी पकडीला उभं राहून तोच सुभानकडून चढाई घोटून घ्यायचा.

सुभान त्याला वेशीपर्यंत पोचवायला गेला. “काका, माझ्यावर राग धरलात का?”

“तुझ्यावर कसला राग?” धोंडजी म्हणाला. “तुझ्या अंगात कस आहे, तुला मिळालं. पण कणगी काही वाढत नाही रे, आणि मला लेकरं आहेत.”

त्यानंतर सुभानच्या संध्याकाळी रिकाम्या झाल्या. बदली गडी नसल्याने बाकीचे दमून जात आणि सरावाला न थांबता घरी परतत. तो एकटाच मोकळ्या मैदानात चढाई करी. त्याचाच आवाज डोंगरावर आपटून परत येई. जेवायला बसल्यावर सोबती जरा अंतर राखून बसत. कोणी वावगं बोलत नसे, पण कोणी थट्टाही करत नसे.

सुरुवातीचे सामने त्याने एकट्याच्या जोरावर काढले. शेवटचा सामना वरच्या राज्याशी होता. ऊन चढण्याआधीच सुभानच्या एका गड्याचा खांदा निखळला, दुसऱ्याच्या पोटरीत गोळे आले. नाईकाने सवयीने मागे वळून पाहिलं. राखीव गड्यांच्या जागी नुसतं गवत होतं.

पलीकडे मात्र दमलेला बाहेर जाई आणि ताजा गडी आत येई. असाच धोंडजी आत आला.

सुभान अखेरच्या चढाईला निघाला. वळण्याआधी त्याची डावी टाच किंचित उचलते, हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं. धोंडजीने नेमका तोच घोटा धरला. सुभानचा दम तुटला.

धोंडजीने त्याला हात देऊन उठवलं, पाठीवरची माती झटकली आणि तो आपल्या माणसांत निघून गेला. सुभान मैदानात उभाच राहिला.

त्या उन्हाळ्यात खालच्या राज्यात पाणी उशिरा आलं. उभी पिकं करपली. सुभानला कोणी दोष दिला नाही, आणि तेच त्याला सोसवेना.

पुढच्या साली तो आपणहून नाईकाकडे गेला. “मला इतरांएवढंच दे. उरलेल्यात माणसं आण.”

दुसरा राजा पुन्हा बोलावील, असं नाईक म्हणाला.

“बोलावू दे,” सुभान म्हणाला.

नवे राखीव गडी आले, संघ पुन्हा उभा राहिला, पाणीही वेळेवर येऊ लागलं. सुभानने धोंडजीलाही निरोप धाडला होता. पण त्याची लेकरं आता वरच्या राज्यात रुळली होती. तो आला नाही.

म्हणून सांगतात, वाटा उद्या कमी करता येतो, पण त्यापायी उठून गेलेला सोबती परत येईलच असं नाही.