फ्लॅशपुढे मिटलेले डोळे

फोटो काढायचा म्हणजे माणसं केस विंचरून, पावडर लावून स्टुडिओत जायची, तेव्हाची ही गोष्ट. गजाभाऊंच्या स्टुडिओतला फ्लॅश म्हणजे मी. उजेड भरपूर, अक्कल बेताची. माझा थाट राहावा म्हणून गजाभाऊंनी उत्तरेच्या खिडकीला काळा कागद डकवला होता. मी चमकलो की समोरचा माणूस डोळे मिटायचा. मला वाटायचं, देवापुढे मिटतात तसेच भक्तीने मिटतोय.

"अरे, दिपतात ते," खिडकी कागदाआडून म्हणायची.

"तू जळतेस माझ्यावर," मी म्हणायचो.

एकदा बत्तासे विकणारे केरोबा बायकोला, गोदूबाईंना, घेऊन आले. लग्नाला चाळीस वर्षं झाली, तरी दोघांचा मिळून एकही फोटो नव्हता. मी तीनदा चमकलो, केरोबांनी तीनदा डोळे मिटले. मी मनातल्या मनात आशीर्वादही दिला.

आठ दिवसांनी फोटो बघून गोदूबाई रडायलाच लागल्या. "धडधाकट माणसाचा असा फोटो भिंतीवर लावू? हार घालायचा तेवढा बाकी आहे!"

गजाभाऊ ओशाळले. मला कोपऱ्यात ठेवून त्यांनी खिडकीचा कागद टराटरा फाडला आणि दोघांना तिच्याशेजारी बसवलं. ऊन नव्हतंच, नुसता मऊ उजेड आत आला. केरोबा निवांतपणे बायकोकडे बघत राहिले.

"कळलं का?" खिडकीने हळूच विचारलं.

गावातला एकूण एक माणूस मी पाहिलाय, असं मी मिरवायचो. माणसाचे डोळे मात्र त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.